विषाच्या आधी येणारा मृत्यू

२०१९ च्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. तालुक्याच्या गावी एका कचेरीत कारकुनी करणारे आमचे एक स्नेही गेली अनेक वर्षे फावल्या वेळात साप पकडून रानात सोडण्याचे काम करीत आले आहेत. पंचक्रोशीत त्यांना नावाने कमी आणि 'सर्पमित्र' म्हणूनच अधिक ओळखतात. त्या संध्याकाळी एका घराच्या न्हाणीघरात शिरलेले नागाचे पिल्लू बरणीत घालताना त्यांच्या करंगळीला ओझरता दात लागला. रक्ताचा थेंबही धड आला नाही. यापूर्वी त्यांना एकदा फुरसे व एकदा नाग असा दोनदा दंश झाला होता आणि दोन्ही वेळा प्रतिविष घेऊन ते सुखरूप घरी आले होते. त्यामुळे या ओरखड्याची त्यांनी फारशी पत्रास ठेवली नाही. "पिल्लूच आहे," असे म्हणून त्यांनी बरणीचे झाकण लावले.

पाच मिनिटे झाली नसतील, तोच त्यांच्या तळहातांना आणि तळपायांना विलक्षण खाज सुटली. ओठ जड झाले, आवाज घोगरा झाला, पोटात कळ येऊन उलटी झाली. बरोबरच्या मुलांनी 'विष चढले' असा निष्कर्ष काढून दंडाला करकचून दोरी बांधली आणि त्यांना मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून ग्रामीण रुग्णालयाकडे पिटाळले. वाटेतच त्यांनी मान टाकली. सुदैवाने त्या रात्री कामावर असलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी करंगळीकडे पाहण्याआधी सदऱ्याची बटणे काढून छातीकडे पाहिले. छातीवर, पोटावर, काखेत लालभडक गांधी उठल्या होत्या. नाडी हाताला लागत नव्हती. "हे नागाचे विष नाही, ही ॲलर्जी आहे," एवढे म्हणून त्यांनी मांडीत एक इंजेक्शन टोचले, पाच-सहा मिनिटांनी दुसरे टोचले, आणि पाऊण तासात आमचे स्नेही पलंगावर पडल्या पडल्या चहा मागू लागले. पुढचे चोवीस तास त्यांना देखरेखीखाली ठेवण्यात आले. पापण्या जड झाल्या नाहीत, बोटाला सूजही आली नाही. नागाचे विष त्यांच्या अंगात भिनलेच नव्हते. ज्याने ते मरणाच्या दारात गेले होते ते विष नसून विषाची त्यांच्या शरीराला बसलेली धास्ती होती.

वैद्यकशास्त्रात या प्रकाराला 'ॲनाफिलॅक्सिस' म्हणतात. पेनिसिलिनने, गांधीलमाशीच्या दंशाने किंवा शेंगदाण्यासारख्या पदार्थाने क्वचित एखादा माणूस तडकाफडकी दगावतो, तो याच प्रकाराने. विषारी सापांशी ज्यांचा नित्य संबंध येतो त्यांना हा धोका इतरांपेक्षा अधिक असतो, ही गोष्ट मात्र आपल्याकडे डॉक्टरांच्या वर्तुळाबाहेर फारशी पोचलेली नाही. सर्पमित्र म्हणून हिंडणाऱ्या मंडळींत शिक्षक आहेत, कारकून आहेत, महाविद्यालयांतील विद्यार्थी तर पुष्कळच आहेत. म्हणून हा विषय या पानावर मांडावासा वाटला.

एका राजाच्या जहाजावर

या विकाराचा शोध विषाच्याच अभ्यासातून लागला, हा योगायोग मोठा बोलका आहे. १९०१ साली मोनॅकोचा राजा पहिला आल्बर्ट आपल्या जहाजावर शार्ल रिशे व पॉल पोर्तिए या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांना बरोबर घेऊन सागरी संशोधनासाठी निघाला. समुद्रात तरंगणाऱ्या एका डंखधारी प्राण्याच्या विषाचा अभ्यास करावा, ही कल्पना तेथे निघाली. परत आल्यावर या दोघांनी समुद्रपुष्प नावाच्या प्राण्याचे विष घेऊन कुत्र्यांवर प्रयोग चालू ठेवले. थोडे थोडे विष टोचत गेल्यास कुत्र्यांच्या अंगी प्रतिकारशक्ती येईल, अशी त्यांची अपेक्षा होती. घडले ते नेमके उलट. पहिली मात्रा सहज पचवलेल्या धडधाकट कुत्र्याला काही आठवड्यांनी तेच विष अगदी अल्प प्रमाणात टोचताच त्याला धाप लागली, ओकारी झाली आणि अर्ध्या तासाच्या आत तो मेला. संरक्षणाच्या नेमके विरुद्ध, अशा अर्थाचा ग्रीक शब्द रिशे यांनी या प्रकारासाठी घडवला. १९१३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते याच कामाबद्दल.

गंमत अशी की, या विकारावरचा रामबाण उपायही त्याच सुमारास हाती आला होता. जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेत राहून मूत्रपिंडावरील ग्रंथींतून ॲड्रेनलिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले ते १९०१ च्याच आसपास. एवढा काळ लोटूनही ॲनाफिलॅक्सिसवर त्याच्या तोडीचे दुसरे औषध निघालेले नाही. आमच्या स्नेह्यांना मांडीत टोचले गेले ते हेच.

त्या कुत्र्याची गोष्ट प्रत्येक सर्पमित्राने ध्यानात ठेवावी अशी आहे. कारण 'दोन-चार वेळा चावून घेतले की अंगात विष मुरते आणि मग साप बाधत नाही,' ही समजूत या मंडळींत चांगलीच रुजलेली आहे. तिला आधार म्हणून अमेरिकेतील बिल हास्ट यांचे उदाहरण देण्यात येते. फ्लॉरिडात सर्पोद्यान चालवणारे हे गृहस्थ १९४८ पासून स्वतःला सापाच्या विषाची सौम्य मात्रा टोचून घेत. त्यांना शेकडाे नव्हे तरी दीडशेहून अधिक वेळा साप चावले आणि २०११ साली ते शंभर वर्षांचे होऊन वारले. २०२५ मध्ये अशाच प्रकारे वर्षानुवर्षे विष टोचून घेतलेल्या टिम फ्रीडी या अमेरिकन माणसाच्या रक्तातील प्रतिद्रव्यांपासून नव्या तऱ्हेचे प्रतिविष बनवण्याचा प्रयत्न प्रसिद्ध झाला, तेव्हा आपल्याकडच्या तरुणांतही त्याची चर्चा झाली. परंतु शरीर एकाच विषाला दोन तऱ्हांनी उत्तर देऊ शकते. एका जातीची प्रतिद्रव्ये विषाला निकामी करतात. दुसऱ्या जातीची प्रतिद्रव्ये शरीरातल्या काही पेशींना चिकटून दबा धरून बसतात आणि पुढच्या वेळी विषाचा कण दिसताच त्या पेशींतील हिस्टामिनसारखी द्रव्ये एकदम रक्तात सोडून देतात. रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब कोसळतो, श्वासनलिका आकसतात, घसा सुजतो. आपले शरीर यांपैकी कोणत्या मार्गाने जाईल हे आधी सांगता येत नाही. बिल हास्ट यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे कारण ते जगले. त्याच वाटेने जाऊन रिशे यांच्या कुत्र्याच्या पंक्तीला बसलेल्यांची नावे कोणी लक्षात ठेवत नाही.

शिंकांकडे दुर्लक्ष

ही संवेदनशीलता निर्माण होण्यास दंशच व्हावा लागतो असेही नाही. विष काढणाऱ्या, ते वाळवून त्याची पूड करणाऱ्या प्रयोगशाळांतील माणसांना नुसत्या श्वासावाटेही ती जडते, हे अनेक देशांत आढळून आले आहे. ब्राझीलमधील बुटांटान ही प्रतिविष बनवणारी जुनी संस्था. तेथील सापांशी व विषाशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांची तपासणी झाली, तेव्हा त्यांपैकी काहींच्या रक्तात विषाविरुद्धची ही दबा धरणारी प्रतिद्रव्ये सापडली. वाळलेले विष हलके असते. पेटीच्या काचेवर, लाकडावर, हातमोज्यांवर त्याचे कण बसतात आणि झाडलोट करताना उडतात.

आमच्या स्नेह्यांना नंतर खोदून विचारले, तेव्हा एक गोष्ट बाहेर आली. दोन वर्षांपासून, साप तात्पुरते ठेवण्याची लाकडी पेटी साफ करायला घेतली की त्यांना शिंकांवर शिंका येत, डोळे चुरचुरत आणि मनगटावर पुरळ उठे. वहिनींनी दोनदा हटकले होते. "धुळीची सर्दी आहे," असे म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. ती धुळीची सर्दी नव्हती; शरीराने धाडलेली ती पहिली नोटीस होती. सर्पोद्यानात, संग्रहालयात वा संस्थेत काम करणाऱ्या कोणालाही सापांच्या सान्निध्यातच शिंका, दमा, खाज किंवा डोळ्यांची चुरचुर होत असेल, तर त्याने ॲलर्जीच्या तज्ज्ञाला गाठले पाहिजे. आणि पेटी झाडताना तोंडाला फडके, डोळ्यांना चष्मा आणि हाताला मोजे हवेत. ती कोरडी न झाडता ओल्या फडक्याने पुसावी, हे तर घरातली कोणीही बाई सांगेल.

येथे कायद्याचीही आठवण करून देणे भाग आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे नाग, घोणस यांसारखे साप हौसेखातर घरी पाळणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. तरीही 'उद्या सोडू' म्हणून रात्रभर घरात बरणी ठेवणारे, आणि शाळेतल्या मुलांपुढे फणा काढून दाखवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या धाडसाचे कौतुक वर्तमानपत्रांनीही केलेले आहे, तेव्हा दोष एकट्या त्यांचाच आहे असे म्हणता येत नाही.

विष की ॲलर्जी?

प्रसंगी दोहोंतला फरक ओळखायचा कसा, हा खरा कठीण प्रश्न आहे. घड्याळ येथे बरेच काही सांगते. नागाच्या आणि मण्यारीच्या विषाने पापण्या मिटू लागतात, दोन-दोन दिसू लागते, गिळता येईनासे होते, मान धरवत नाही. हे सारे सहसा अर्धा तास ते काही तासांत हळूहळू चढत जाते. मण्यारीच्या बाबतीत तर माणूस रात्री झोपतो आणि पहाटे पोटदुखीने उठतो. घोणस व फुरसे यांच्या दंशाने दंशाची जागा सुजते, हिरड्यांतून व जखमेतून रक्त वाहते, रक्त गोठत नाही. ॲलर्जीचा हल्ला मात्र पहिल्या काही मिनिटांतच होतो आणि तो दंशाच्या जागेपुरता राहत नाही. तळहात-तळपायांची खाज, अंगभर गांधी, ओठ, जीभ व पापण्या यांना सूज, घोगरा आवाज, छातीत सूं सूं, पोटात मुरडा, उलटी, भोवळ. आणि 'आता आपले काही खरे नाही' अशी अनामिक भीती. या भीतीला वैद्यकाच्या पुस्तकांतही लक्षण म्हणून स्थान आहे, म्हणून कोणी असे म्हणाले तर त्याची थट्टा करू नये.

नुसत्या घाबरण्यानेही माणूस धापा टाकतो, बोटांना मुंग्या येतात. परंतु घाबरण्याने अंगावर गांधी उठत नाहीत, ओठ सुजत नाहीत. उलटपक्षी गांधी नाहीत म्हणून ॲलर्जी नाही असेही समजू नये. काही रुग्णांत त्वचेवर काहीच दिसत नाही आणि एकदम रक्तदाबच कोसळतो. शिवाय घोणशीच्या विषानेही कधी कधी सुरुवातीलाच उलटी होऊन रक्तदाब उतरतो. हा गोंधळ डॉक्टरांचाही होतो. आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात हे तर विसरताच कामा नये.

ॲनाफिलॅक्सिसने झालेल्या मृत्यूंचा ब्रिटनमध्ये जो अभ्यास झाला, त्यात हृदय वा श्वास बंद पडायला लागलेला मध्यम काळ अन्नाच्या ॲलर्जीत सुमारे ३० मिनिटे, कीटकदंशात १५ मिनिटे आणि रुग्णालयात टोचलेल्या औषधांच्या बाबतीत अवघी ५ मिनिटे आढळला. आपल्या खेड्यापाड्यांतील अंतरे पाहता हे आकडे पोटात गोळा आणणारे आहेत.

म्हणूनच आमच्या स्नेह्यांच्या बाबतीत केलेली एक चूक सांगितली पाहिजे. सर्पदंशाच्या रुग्णाला चालवू नये, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून लगोलग रुग्णालयात न्यावे, हा सल्ला रुग्णवाहिका नसलेल्या गावी एरवी योग्यच आहे. परंतु ॲलर्जीने ज्याचा रक्तदाब कोसळला आहे, त्याला बसता किंवा उभे केले की रक्त पायांकडे उतरते आणि हृदय रिकामे पडते. त्याला आडवे निजवून पाय उंच करावेत. श्वास अडत असेल तर तेवढ्यापुरते टेकून बसू द्यावे, उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे. बरे वाटते म्हणून त्याला उठून उभे राहू देऊ नये. वाहन आडवे निजवता येईल असे मिळवावे, मग तो टेम्पो का असेना. दंडाला बांधलेल्या दोरीने ना विष थांबते ना ॲलर्जी. हात मात्र जायचा.

ॲड्रेनलिन हे चिठ्ठीवर मिळणारे औषध आहे आणि ते स्वस्त आहे. प्रौढ माणसाला एक-हजारांश शक्तीचे अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूस मधोमध, स्नायूत टोचतात; फरक न पडल्यास पाच मिनिटांनी पुन्हा देता येते. ज्याला एकदा असा झटका येऊन गेला आहे, त्याने आपल्या डॉक्टरांकडून हे औषध जवळ बाळगण्याची परवानगी घ्यावी आणि ते टोचण्याचे शिक्षण स्वतः घ्यावे, घरच्यांनाही द्यावे. पुष्कळजण खिशात ॲलर्जीची गोळी ठेवतात. ती खाज कमी करते, जीव वाचवत नाही. तिची वाट पाहण्यात मोलाची मिनिटे जातात. रक्तदाबासाठी काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांत ॲड्रेनलिनचा गुण कमी येतो, हे पन्नाशीच्या पुढच्या सर्पमित्रांनी डॉक्टरांना आवर्जून विचारावे. आणि इंजेक्शनने हुशारी आली तरी रुग्णालयात गेलेच पाहिजे. काही तासांनी झटका उलटून येतो, शिवाय चावलेला साप खरोखरच विषारी असेल तर विषाचा हिशेब अजून बाकीच असतो.

घोड्याच्या रक्ताचे देणे

या प्रश्नाची दुसरी बाजू प्रतिविषाची आहे, आणि ती केवळ सर्पमित्रांपुरती नाही. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषांविरुद्ध घोड्यांच्या रक्तापासून तयार होते. मुंबईच्या परळची हाफकिन संस्था या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे. तमिळनाडूतील इरुला जमातीच्या सहकारी संस्थेने १९७८ पासून सापांचे विष काढून देऊन या उद्योगाला मोठा हातभार लावला आहे. पण औषध झाले तरी ती घोड्याची प्रथिने. आणि पहिल्या खेपेला आठ-दहा कुप्या, म्हणजे शंभर मिलिलिटरच्या आसपास द्रव शिरेवाटे द्यावा लागतो. श्रीलंकेत एक हजारावर रुग्णांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांना प्रतिविषाची कमी-अधिक प्रतिक्रिया आली. प्रतिविषाआधी ॲड्रेनलिनची अल्प मात्रा त्वचेखाली दिल्यास तीव्र प्रतिक्रिया लक्षणीय प्रमाणात घटतात, हेही त्याच चाचणीत दिसले. नेहमी आधी टोचल्या जाणाऱ्या इतर दोन औषधांचा मात्र तसा उपयोग दिसला नाही.

या प्रतिक्रियेच्या भीतीने पुष्कळ ठिकाणी प्रतिविष दिलेच जात नाही, हे कटू सत्य आहे. कपाटात कुप्या असतात, डॉक्टर असतो, पण रुग्ण आपल्या हाताखाली दगावला तर नातेवाईक काय करतील या धास्तीने त्याला 'पुढे न्या' असे सांगण्यात येते. त्या 'पुढे'च्या रस्त्यावर किती माणसे संपली असतील! २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने मेली. वर्षाला सरासरी ५८ हजार. कोकणात महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंश व सर्पदंश यांवर जे काम केले, ते आडगावी राहून, तुटपुंज्या साधनांनिशी केले. आडगावी उपचार होऊच शकत नाहीत असे म्हणणाऱ्यांना त्यांचा दाखला देता येईल.

हातावर थोडे प्रतिविष टोचून 'चाचणी' घेण्याची जुनी पद्धत अजूनही कोठे कोठे चालते. तिने प्रतिक्रियेचे भाकीत होत नाही, कारण यांतील बहुतेक प्रतिक्रिया त्या दबा धरणाऱ्या प्रतिद्रव्यांमुळे नव्हे, तर निराळ्या मार्गाने येतात. वेळ मात्र वाया जातो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने आणि आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही ती त्याज्य ठरवली आहे. ज्याने पूर्वी प्रतिविष घेतले आहे त्याला ते पुन्हा देता येत नाही, हाही असाच एक गैरसमज. गरज असेल तर ते द्यावेच लागते. फक्त उशाशी ॲड्रेनलिन भरलेली सिरिंज तयार हवी. आणि आठवडा-पंधरवड्याने ताप, सांधेदुखी, पुरळ आली तर तोही घोड्याच्या प्रथिनांचाच उशिरा आलेला प्रताप असू शकतो, हे रुग्णाला घरी सोडताना सांगायला हवे. २०२४ साली केंद्र सरकारने सर्पदंशाविषयी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. ते गाठायचे तर प्राथमिक आरोग्य केंद्रातील नवख्या डॉक्टरला ही सिरिंज वापरण्याचा आत्मविश्वास दिला पाहिजे, आणि गावकऱ्यांनी त्याच्या अंगावर धावून जाण्याचे सोडले पाहिजे.

मधमाशीच्या ॲलर्जीवर विषाच्या सूक्ष्म मात्रा देत वर्षानुवर्षे चालणारे उपचार उपलब्ध आहेत. सापाच्या विषासाठी तशी रूढ सोय नाही. म्हणून तज्ज्ञांनी आमच्या स्नेह्यांना एकच सल्ला दिला, सापाला पुन्हा हात लावू नका. त्यांनी तो निम्मा पाळला आहे. बोलावणे आले की ते अजूनही जातात, पण आता दहा पावलांवर उभे राहून विशीतल्या एका शिष्याला आकडी कशी धरायची ते सांगतात. वहिनींनी शिवून दिलेल्या कापडी पिशवीत दोन कुप्या आणि दोन सिरिंज असतात. ती पिशवी त्या शिष्याच्या कमरेला असते, आणि निघण्यापूर्वी वहिनी ती स्वतः उघडून पाहतात.